आधी पाणी, मग वारा

जुनी पालिओ 1.6 बघायला जायचंय, सोबत चला, असं म्हणत कुणी ना कुणी अधूनमधून दारात येतं. बहुतेक जण पंचविशीतले. मोबाईलमध्ये गाडीचे फोटो असतात: रंग, चाकं, सीट कव्हर, मागची डिकी. बॉनेटखालचा फोटो क्वचितच. मी मात्र गाडीजवळ गेलो की आधी कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडतो, इंजिन थंड असेल तरच. झाकणाच्या आतून बोट फिरवलं की गाडीचा पूर्वेतिहास बोटाला लागतो. स्वच्छ हिरवा किंवा गुलाबी द्रव असेल तर पुढचं बोलणं. तांबूस गाळ निघाला तर मालकानं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय. दुधाळ, चिकट थर असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. विकणारा अशा वेळी हमखास म्हणतो, "काही नाही होत जी, कूलंट टाकलं की झालं."

ऑटोमोबाईल शिकवणं हा माझा पेशा, आणि जुन्या, दमदार हॅचबॅक घरच्या पोर्चमध्ये खोलून पुन्हा उभ्या करणं ही हौस. नागपुरात नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) ले-आउटमधल्या घरांना पोर्च असतो, ही या हौशीची खरी सोय. मुंबईच्या सोसायटीत गाडी घोडीवर, म्हणजे स्टँडवर, चढवून आठवडाभर ठेवली तर सेक्रेटरी नोटीस काढेल. इथं शेजारचे काका फक्त कंपाउंडवरून विचारतात, "अजून नाही झाली का?"

हॉट हॅचबॅक म्हणजे घरगुती वापराच्या लहान गाडीत तिच्या गरजेपेक्षा मोठं इंजिन, थोडं कडक सस्पेन्शन, आणि भाजी आणायला मागे जागा तशीच. फोक्सवॅगननं 1975 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय मांडली, तेव्हा कंपनीचा बेत पाच हजार गाड्यांचाच होता. पुढे या प्रकाराचं युरोपभर पीक आलं. आपल्याकडे तो आला तो फियाटमुळे. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी निघायची, तिथूनच 2001 मध्ये पालिओ निघू लागली. तिच्या 1.6 जीटीएक्समध्ये 1596 सीसीचं, सोळा वाल्व्हचं, शंभर अश्वशक्तीचं इंजिन होतं. मारुती 800 मध्ये शिकलेल्या पिढीला ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पाठ सीटला चिकटवते एवढंच कळलं, आणि तेवढं पुरलं. सचिन तेंडुलकर तेव्हा फियाटचा चेहरा होता. त्याच्या नावानं 'एस10' ही पालिओ मर्यादित संख्येत निघाली, आणि 2002 मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हातून त्याला फेरारीची किल्ली मिळाली. आमच्यासारख्यांच्या वाट्याला त्याच फियाट घराण्यातली पालिओ आली, हेही कमी नव्हतं.

मग ही जात वाढली का नाही? लोक पेट्रोलच्या खर्चाला दोष देतात, आणि तो खरा आहेच. पालिओ शहरात पेट्रोल पिते. पण खरी कात्री करानं लावली. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं. अट अशी की पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत हवं, डिझेल 1500 च्या. त्या दिवसापासून लहान गाडीत 1.6 चं इंजिन घालणं म्हणजे कंपनीनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. पहिल्या स्विफ्टचं खुशमिजाज 1.3 इंजिनही पुढे 1.2 झालं. पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये आली ती 1.2 टर्बो घेऊनच. 1.4 टर्बोची, 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो 2015 मध्ये रांजणगावहून निघाली, पण तिला गिऱ्हाईक थोडं. 2019 उजाडलं आणि फियाटनं इथला गाड्यांचा पसारा आवरला. जीएसटीतही ती 1200 ची रेघ कायम आहे. त्यामुळे हौशी माणसाला जुन्या बाजाराकडेच वळावं लागतं, आणि जुन्या बाजारात येणाऱ्या गाडीवर नागपूरचे उन्हाळे उमटलेले असतात.

23 मे 2013 ला या शहराचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. सावलीतला. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल याचा अंदाज करा. इथली जुनी गाडी किलोमीटरनं म्हातारी होत नाही, उन्हानं होते. चाळीस हजार किलोमीटर चाललेली, पण उन्हात उभी राहिलेली गाडी मी नाकारतो आणि शेडखालची लाखभर चाललेली घेतो. विकणाऱ्यांना हे गणित पटत नाही.

म्हणून पहिलं काम पाण्याचं. "नागपुरात बर्फ पडतो का? मग अँटिफ्रीझ कशाला?" असा युक्तिवाद मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलाय. खरं सांगायचं तर उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणी कूलंटपेक्षा सरसच. पण पालिओ 1.6 चा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. दोन धातू, मध्ये क्षारांचं जड पाणी; आतून गंज चढतो, गाळ रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. त्यात झाकणाची स्प्रिंग सैल झाली की दाब टिकत नाही. एक बार जादा दाबाखाली पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. दाब गेला की शंभरालाच. पुढचा बळी पंख्याचा. तो दोन वेगांचा असतो, आणि हळू वेगाचा रेझिस्टर जळला तरी जोराचा वेग चालू असल्यानं कुणाच्या लक्षात येत नाही. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला काटा चढतो, मोकळ्या रस्त्यावर उतरतो, मालक निर्धास्त. एके दिवशी गाडी बॉइल होते आणि हेड वाकतं.

हेड खोललं की मी स्टीलची सरळ पट्टी त्याच्यावर आडवी, उभी, तिरपी ठेवतो आणि खालून फीलर गेजची पात सरकवून बघतो. 0.05 मिलिमीटरची पात सहज आत गेली तर हेड फेसिंगला जातं. पण फेसिंग पुन्हापुन्हा करता येत नाही. दर वेळी हेड पातळ होतं, कॉम्प्रेशन वाढतं. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप तिन्ही एकदमच बदलायचे. पंप अजून चांगला आहे, हे मेकॅनिकचं वाक्य ऐकायचं नाही. तो बेल्ट तुटला तर सोळा वाल्व्हपैकी किती वाकतील हे नशिबावर.

पाण्यानंतर रबर. लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंटिंग, स्टॅबिलायझरच्या लिंका, ब्रेकचे होज. बाहेरून ठीक दिसतात, पण टॉमीनं जरा उचकलं की भेगा उघडतात. एवढं सगळं नवं टाकलं की गाडी इतकी बदलते, की अलॉय व्हील घ्यायला आलेला मुलगा गप्प होतो. या कामातली खरी लढाई गंजलेल्या बोल्टशी. गोटी पाना लावून जोर केला की डोकं गोल होतं किंवा आटे जातात. रात्रीच भेदक तेल मारून ठेवायचं, सकाळी नटाभोवती आच द्यायची, आणि आधी किंचित घट्ट, मग सैल, असा मागे-पुढे हलवायचा. 'चर्र' असा कोरडा आवाज येऊन तो सुटतो, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बायकोला विचारा. एक सांगून ठेवतो: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. घोड्या लावा, हातानं गाडी हलवून बघा, मग खाली शिरा.

आता मॉडिफिकेशन. घाट रोडवरच्या दुकानात उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "सर, कोन फिल्टर टाकून देऊ का?" आवाज छान येतो, नाकारत नाही. पण हिशेब करू. 15 अंशांच्या हवेपेक्षा 47 अंशांची हवा आधीच साधारण दहा टक्के विरळ. कंपनीनं हवेची नळी बंपरमागून, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर आणलेली असते. कोन फिल्टर बसवणारा ती काढतो आणि बॉनेटखालची, साठ अंशांच्याही वर तापलेली हवा इंजिनला पाजतो. म्हणजे पैसे देऊन ताकद कमी करायची आणि आवाज वाढल्यामुळे ती वाढली असं मानायचं. टर्बो गाड्यांच्या रिमॅपचं, म्हणजे इंजिनच्या संगणकात (ईसीयू) फेरफार करण्याचंही, तसंच. पुण्यातल्या डिसेंबरात मिळणारे आकडे इथल्या मे महिन्यात मिळत नाहीत. आत येणारी हवा तापली, नॉक जाणवला, की ईसीयू स्वतःच टायमिंग मागे ओढतो. दुसरी आवडती सूचना म्हणजे एसी काढून वजन कमी करणं. ती देणारा नागपूरचा नसतो.

चाकांच्या बाबतीत तर मी भांडतो. पालिओच्या चाकाचे चार बोल्ट 98 मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत. बाजारातली बहुतेक चार भोकांची अलॉय 100 ची. दोन मिलिमीटरनं काय होतं, म्हणून ती दाबून बसवणारे आहेत. बोल्टची निमुळती मान मग बैठकीत पूर्ण बसत नाही, चाक मध्यावर येत नाही, ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि तो बोल्ट कधी सैल होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

माझ्या मते जुन्या गाडीत सगळ्यात लाभाचा बदल म्हणजे हेडलाइटला रिले. मूळ वायरिंगमध्ये दिव्याचा सगळा करंट स्विचमधून फिरून येतो. वीस वर्षांनी स्विच आणि जोड झिजलेले असतात. बॅटरीपाशी साडेतेरा व्होल्ट आणि बल्बपाशी साडेअकरा, हे मी मीटर लावून मुलांना दाखवतो. व्होल्टेज पंधरा टक्के घटला तर हॅलोजनचा उजेड चाळीस टक्क्यांच्या वर घटतो. जाड वायर आणि दोन रिले टाकले की तेच 60/55 वॉटचे बल्ब काटोल रोडच्या काळोखात रस्ता दाखवू लागतात. शंभर वॉटचे बल्ब टाकून समोरच्याला आंधळा करायची गरज नाही.

कायद्याचाही कल याच बाजूचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्हीची तरतूद केली. रंग बदलायचा तर आरटीओची नोंद हवी. तरुणांना हे जाचक वाटतं. कायदा सरसकट आहे, चांगल्या-वाईट कामात भेद करत नाही, हे मलाही खटकतं. पण रात्री अकराला फुटाळा तलावावरून फटाके फोडत जाणारे सायलेन्सर ऐकले की माझा राग अर्धा होतो. 'एमएच 31'ची वीस वर्षांची गाडी मूळ शंभर अश्वशक्तीवर आणून ठेवणं, तेही पुनर्नोंदणीच्या तपासणीत सरळ पास होईल अशी, हे रिमॅपपेक्षा अवघड काम आहे आणि कुठल्याही कलमात बसत नाही. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीचं नूतनीकरण शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 चं 5,000 झालं, त्यामुळे नापास होणं परवडणारंही नाही.

नवी डोकेदुखी पेट्रोलची. आमच्याच शहराचे खासदार असलेल्या परिवहनमंत्र्यांनी इथेनॉलचा आग्रह धरला आणि आता पंपावर वीस टक्के मिश्रण आहे. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, उष्मांक पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. मायलेज पडतं, ते सोसू. पण 2001 च्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप, ओ-रिंगा या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. फुगतात, मग कडक होऊन झिरपतात. मी ते सगळे फ्लोरोइलॅस्टोमरचे टाकतो. महाग पडतात, पण तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडण्यापेक्षा स्वस्त. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो. रिकाम्या जागेत दमट हवा राहिली की इथेनॉल त्यातलं पाणी ओढतं.

रंगकामाला दसरा ते दिवाळी हा काळ. पावसाळ्यात क्लिअर कोटवर पांढुरकी छटा येते, आणि उन्हाळ्यात थिनर हवेतच उडून रंग पत्र्यावर नीट पसरत नाही. संत्र्याच्या सालीसारखे खळगे राहतात. मग 1500 आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर घेऊन घासत बसा. खंडेनवमीला पाने-पकडींची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी पुट्टीचं काम सुरू, असा आमचा शिरस्ता.

गाडी झाली की सगळ्यांना समृद्धी महामार्गावर जायचं असतं. जा; 120 ची मर्यादा आहे आणि पालिओला तेवढं सहज जमतं. पण आधी टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक वाचा. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी उन्हात पाच-सहा वर्षं काढलेला टायर मी त्या तापलेल्या काँक्रीटवर नेऊ देत नाही. तिथं आरटीओनंही टायर तपासायला सुरुवात केली आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची, आणि स्टेपनीचीही तारीख बघायची. जुन्या गाडीची स्टेपनी बहुधा गाडीच्याच वयाची निघते.