सेंटरला सेंटर

माझ्या लाकडाच्या लेथचा हेडस्टॉक बेरिंगच्या घराजवळ तडकला आणि दुसरा लेथ शोधणं भाग पडलं. घर आधीच झिजून लांबट झालं होतं. पूर्वी एकदा ते बोअर करून आत स्लीव्ह ठोकली होती, तिच्यावर बरीच वर्षं निघाली. पण बिडाला तडा गेला की माझा जीव त्यात राहत नाही. निकेलच्या रॉडनं जोडणारे आहेत, चांगलं जोडतातही; फक्त फिरत्या स्पिंडलचा भार त्या जोडावर टाकून मी समोर तोंड करून उभा राहणार नाही. हाताशी चाळीस हजार रुपये होते. मशीन, मोटर, गाडीभाडं, हमाली सगळं त्यातच बसवायचं होतं.

लेथ पहिल्यांदा पाहिला तो आजोळी, सावंतवाडीच्या चितारआळीत. तेव्हा त्याला लेथ म्हणतात हेही ठाऊक नव्हतं. दोन माणसांचा कारभार होता तो. एक जण लाकडाला वळसा घातलेली दोरी दोन्ही हातांनी आळीपाळीनं ओढायचा, दुसरा समोर बसून पटाशी धरायचा. लाकूड एकदा पुढं फिरे, एकदा मागं. कातणारा पुढच्या फेऱ्याला पटाशी टेकवी आणि मागच्या फेऱ्याला केसभर उचली. बघणाऱ्याला ती उचललेली कळायचीही नाही. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यातून भोवरा किंवा छोटं लाटणं निघे. मग रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची. घर्षणानं लाकूड तापतं, लाख वितळून त्यावर पसरते, आणि वरून केवड्याचं पान दाबून धरलं की झकास चकाकी येते. मी मामाला सोडून तिथंच बसून राहायचो.

इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याचं थडगं आहे, इ.स.पू. ३०० च्या आसपासचं. त्याच्या भिंतीवर नेमका हाच कारभार कोरलेला आहे: एक दोरी ओढणारा आणि एक हत्यार धरणारा. ते चित्र मी फार उशिरा एका पुस्तकात पाहिलं आणि पहिला विचार आला तो दोरी ओढणाऱ्याच्या मजुरीचा. कातलेल्या वस्तूचं कौतुक झालं तेव्हा त्याला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

पुढं आयटीआयला टर्नर ट्रेड घेतला. तिथं पहिली गोष्ट शिकवली ती ही की हत्यार हातात धरायचं नाही. ते टूलपोस्टमध्ये आवळायचं आणि आपण हँडल फिरवायचं. हत्यार माणसाच्या मुठीतून काढून सरकत्या स्लाइडवर बसवण्याचं काम इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले यानं १८०० च्या सुमारास पक्कं केलं, आणि त्यानंतर यंत्रानं यंत्र घडवायला सुरुवात झाली, असं आमचे निदेशक सांगत. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात कामाला लागलो तेव्हा माझ्या वाट्याला हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा लेथ आला. ऑइल इंजिनाचे भाग, झडपा, बुश. जॉब लावायचा, मायक्रोमीटरनं मोजायचा, काढायचा. नोकरीभर मी मॉडस्लेच्या बाजूला उभा होतो. त्याबद्दल तक्रार नाही, पोट त्यानंच भरलं.

घरचा लाकडाचा लेथ मात्र कारखान्यातल्या माझ्या मिस्त्रींचा. ते काम सोडून गावी गेले तेव्हा किरकोळ पैशात मला देऊन गेले. ‘वापरणार असशील तर ने, नुसता ठेवणार असशील तर भंगारात घालू दे,’ एवढंच म्हणाले. तीन टप्प्यांची पुली, एक हॉर्सपॉवरची मोटर, ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेल्या पटाश्या. जुन्या कानशीच्या पटाश्या करणारे खूप आहेत. मिस्त्री कधी करू देत नसत. कानस कडक असते पण ठिसूळ, लाकूड अडकलं की मधूनच तुटून अंगावर येते.

लाकडाच्या लेथवर पटाशी दोन्ही हातांत असते. तिची तिरपी पाठ आधी लाकडावर टेकायची, ती घासतेय हे हाताला कळलं की मूठ किंचित वर करून धार उतरवायची. लाकूड कसं आहे ते तळव्याला समजतं. बाभूळ थरथरते, सागाची सिलिका धार खाते, आंबा ओला असला तर पिसासारखा निघतो आणि सुकला की वाकडा होतो. कारखान्यात ज्या गोष्टी डायल सांगायची त्या इथं कोपरापर्यंत येऊन पोचत. रव्या, लाटणी, खुंट्या, देव्हाऱ्याचे खांब, मुलीच्या पांगुळगाड्याची चाकं, शेजारच्या पाळण्याच्या कांड्या, सगळं त्याच लेथवर झालं.

बाजारात फिरायला लागलो तेव्हा पहिला मोह जुन्या धातूच्या लेथचा. भंगारवाल्याकडं साडेचार फुटी लेथ उभे असतात, वजन भरपूर, किंमत आवाक्यात. पण त्यांचा वेग लाकडाला पुरत नाही. जुन्या हेडस्टॉकला गनमेटलचे बुश असतात; पुली बदलून त्यांना पळवायला गेलं तर ते तापून धरतात. शिवाय तेल प्यालेल्या बेडवर भुसा बसला की चिकटा होतो, आणि बाभळीच्या ओलसर भुशाखाली बीड काळं पडतं. ज्या जातीच्या मशीननं मला चाळिशी पार करून दिली तिला लाकडाला जुंपायची माझी तयारी नव्हती.

दुसरा प्रकार चॅनल जोडून केलेल्या लेथचा. स्वस्त आणि लांबलचक. वेल्डिंगच्या उष्णतेनं चॅनल पिळतो. तो नंतर मशीनवर घासून घेतला असेल तर ठीक, पण त्या किमतीत घासतो कोण?

तिसरा बाहेरून आलेला छोटा लेथ. दिसायला देखणा, रंग गुळगुळीत, वेग बटणानं कमीजास्त होतो.

‘काका, आरपीएम दिसतोय बघा ह्यात. आकडा येतोय की हितं,’ दुकानातला पोरगा म्हणाला.

आकडा येत होता. मी मशीनला हात लावून हलवून पाहिलं. सगळं मिळून चाळीस किलोच्या आसपास. तोल न आलेला, वेडावाकडा तुकडा लावला की एवढं मशीन टेबलावर चालायला लागतं. खाली वाळूची पोती रचून बैठक जड करता येते, पण हेडस्टॉकचं बीड पातळ असेल तर त्यात वाळू कुठं भरणार? बिडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात, त्या थरथर गिळतात, म्हणून तिथं बीड जितकं जाड तितकं बरं. वेगाचं कार्डही माझ्या डोक्यात होतं. आमच्याकडं वीज बेभरवशाची, ते जळलं तर तसंच दुसरं मिळेपर्यंत मशीन झाकून ठेवायचं.

पैसे थोडे असले की माणूस यादी करत बसतो: हेही असावं, तेही असावं. माझं मत उलट आहे. जे नंतर घालता येत नाही तेवढ्यालाच आधी पैसे द्यावेत. वजन, बेडचा सरळपणा, स्पिंडलची बेरिंगं. मोटर नंतर बदलते, वेग बदलता येतो, चक मिळतो, टूलरेस्ट तर लोहाराकडूनही करून घेता येतो. लांबीचंही तसंच. चार फुटी बेड पाहिला की छाती फुगते, पण पलंगाचे पाय कातून घ्यायला आता माझ्याकडं येतो कोण? माझं सर्वांत लांब काम म्हणजे लाटणं. दीड फूट बेड खूप झाला. बेडच्या वरची उंची मात्र हवी, कारण अलीकडं मला वाट्या कातायचा नाद लागलाय. दहा इंची वाटी मिनिटाला १४४० फेऱ्यांवर फिरवली तर तिचा काठ ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पळतो. तिला सुरुवातीला सहाशे-सातशेच फेरे हवेत. सव्वा इंची लाटण्याला त्याच १४४० फेऱ्या हळू वाटतात.

शेवटी मिळाला तो एका बंद पडलेल्या शाळेच्या वर्कशॉपमधून लिलावात निघालेला. व्यापाऱ्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात, मोटर नाही, पट्टा नाही, वर कबुतरांची कृपा. बेड आखूड आणि जाड. स्पिंडल हातानं फिरवला, कान लावला, वरखाली दाबून पाहिला. बेरिंगं शाबूत होती. मग टेलस्टॉक पुढं सरकवून सेंटरला सेंटर लावलं. दोन्ही टोकं समोरासमोर यायला हवीत. ती अर्ध्या सुतानं चुकत होती.

‘बेड वाकडा हाय, तेच्यामुळंच पडून हाय,’ व्यापारी स्वतःच म्हणाला, आणि भाव सव्वीसवरून बावीस हजारांवर आला.

मला दिसत होतं की लोखंडी स्टँडचा एक पाय आखूड आहे आणि बोल्ट आवळून बेड त्याच्याबरोबर पिळलेला आहे. आधी पैसे मोजून दिले. मग त्याच्याच पान्यानं चारही बोल्ट सैल केले, टेलस्टॉक परत पुढं आणला. टोकाला टोक भिडलं. व्यापाऱ्यानं ते पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हसत चहा सांगितला. यात पाप आहे असं बायकोचं म्हणणं आहे. मला तसं वाटत नाही; पाना त्याच्याकडं माझ्या आधीपासून होता.

मोटर जुनी थ्री-फेज घेतली, एक हॉर्सपॉवरची. घरात सिंगल-फेज, म्हणून मध्ये ड्राइव्ह बसवला. हा ड्राइव्ह २३० व्होल्टची थ्री-फेज देतो आणि आपल्याकडची छोटी मोटर ४१५ ला स्टारमध्ये जोडलेली असते, त्यामुळं ती डेल्टात जोडावी लागते. माझ्या मोटरच्या तीनच वायरी बाहेर होत्या. वाइंडिंगवाल्यानं आतली गाठ सोडवून सहा बाहेर काढून दिल्या. ड्राइव्ह असला तरी पुलीचे टप्पे ठेवलेत, कारण नुसती फ्रिक्वेन्सी उतरवून फेरे कमी केले की मोटरचा दमही उतरतो आणि तिचा पंखा मंदावून ती तापते.

जुन्या चकचे आटे नव्या स्पिंडलला बसत नव्हते. नवा चक घ्यायचा तर उरलेले सगळे पैसे गेले असते. उद्यमनगरात माझा जुना सोबती अजून शॉप चालवतो. त्याच्या लेथवर उभा राहून मीच अडॅप्टर कातला: आत एका मापाचे आटे, बाहेर दुसऱ्या. वाचलेल्या पैशातून ग्राइंडरला पांढरा दगड आणला.

टेलस्टॉकचा स्क्रू एका जागी अजून अडतो, पाऊण इंच पुढं गेला की हात जड होतो. तो नवा करायला लागणार. सोबती म्हणाला, ‘पाडवा होऊ दे, मग ये. आत्ता मशीन मोकळी न्हाई.’