स्नोफॉल? हो, आमच्या पालीत!

मनालीहून परत आलेली माणसं लगेच ओळखू येतात. नाक सोललेलं, मोबाइलमध्ये चारशे फोटो आणि तोंडी एकच प्रश्न, ‘तू स्नोफॉल पाहिलायस का गं?’ मी म्हणते, पाहिलाय ना, पालीत. मग हमखास कुणीतरी विचारतं, ‘अष्टविनायकातली पाली?’ नाही हो, ती रायगडातली. माझी पाली बीडजवळची, बिंदुसरा धरणाची. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालात की घाटाच्या आधी लागते. एसटीत डुलकी लागली असेल तर लागतसुद्धा नाही.

तिथं बर्फ पडत नाही, हे मलाही माहितीये. पण हिमालयातली माणसं हिमवादळांची सालं सांगतात ना, तशी आमच्या बालाघाटात गारपिटीची सालं सांगतात. त्यातलं माझं साल 2014.

मार्च महिना, माझी दहावीची परीक्षा सुरू. दुपारी चारच्या सुमारास आभाळ असं काळंनिळं झालं की आईनं वाळत घातलेलं सगळं एका खेपेत आत आणलं. आधी पत्र्यावर एकेक टक्क टक्क. मग आवाज इतका वाढला की घरातल्या घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. दहा-बारा मिनिटं फक्त. बाहेर आलो तर अंगण पांढरं, बांध पांढरे आणि लिंबाखाली हिरव्या पानांचा सडा. धाकट्या भावानं वाटीत गारा भरल्या, त्यावर सरबत ओतलं आणि आम्ही दोघांनी मजेत खाल्लं.

आण्णा मात्र तडक रानात गेले. काढणीला आलेली ज्वारी आडवी, कणसं चिखलात, गव्हाच्या नुसत्या काड्या उभ्या. आणि ओढ्यापलीकडचं रान? तिथं काहीच नाही. ज्वारी उभी, वर पाखरं बसलेली. मधलं अंतर म्हणाल तर हाक मारली की ऐकू जाईल एवढं. आण्णा एवढंच म्हणाले, ‘पट्ट्यात आपलंच सापडलं.’

त्याच आठवड्यात पांढऱ्या शेतांचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरायला लागले. खाली कॅप्शन, ‘मराठवाड्याचं काश्मीर’. एका मैत्रिणीनं हार्टसुद्धा पाठवलं होतं.

पट्टा ही काही नुसती बोलायची पद्धत नाही. मार्चमध्ये जमीन तापलेली असते, समुद्रावरून आलेली दमट हवा गरम होऊन जोरात वर चढते आणि चार-पाच किलोमीटरच्या पुढे उणे तापमानात शिरते. तिथं थेंब गोठतात. खालून येणारा झोत त्यांना वरच तोलून धरतो, त्यांच्यावर बर्फाची पुटं चढत जातात आणि वजन पेलेनासं झालं की गार सुटते. असा झोत आभाळभर नसतो, ढगाच्या एका भागात असतो. ढग वाऱ्याबरोबर पुढे सरकतो, त्याच्याखाली झोडपलेली एक रेघ उमटत जाते. हिमवादळ अख्खी दरी गाडून टाकतं, गार मात्र शेत निवडल्यासारखी पडते.

2014 च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत अशा कितीतरी रेघा राज्यातल्या 28 जिल्ह्यांवर ओढल्या गेल्या. त्यात 5 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागलेली. अखेर राज्यानं 4,000 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. हेक्टरी कोरडवाहूला 10,000, बागायतीला 15,000, फळबागेला 25,000. कोरडवाहूला म्हणजे एकरी 4,000 रुपये. तेवढ्यात तेव्हा धड स्मार्टफोन येत नव्हता.

पुढे मासकॉम करताना लायब्ररीत एक जुनं पुस्तक हाती लागलं. रसेल आणि हिरालाल यांचं, मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचं, 1916 सालचं. त्यात विदर्भातल्या ‘गारपगारी’ समाजाची नोंद आहे. गावावर गारांचा ढग आला की मारुतीपुढे उभं राहून त्याला पिटाळायचं, हे त्यांचं काम, आणि त्याबद्दल गावानं धान्य द्यायचं. हसू नका. संकट यायच्या आधीच दरसाल काहीतरी भरून ठेवायचं, म्हणजे प्रीमियमच की! नोकरीला लागल्याबरोबर आपणही पॉलिसी काढतोच.

आणि गार म्हणजे किरकोळ, हेही डोक्यातून काढा. 30 एप्रिल 1888 ला मुरादाबादेत गारपिटीनं 246 माणसं मारली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीनं घेतलेले सर्वांत जास्त बळी हेच. तुमच्या ट्रेकवाल्या ग्रुपचं लाडकं रूपकुंड घ्या. पाच हजार मीटर उंचीवरचं ते सांगाड्यांचं तळं. 2004 मध्ये तिथं गेलेल्या टीममध्ये आपल्या डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबेही होते. काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोल माराच्या खुणा दिसल्या, आणि संशय गेला गारांवर. 2019 च्या डीएनए अभ्यासानं गोष्ट आणखी गुंतागुंतीची केली. सगळे सांगाडे एका वेळचे नव्हतेच, काहींमध्ये हजारेक वर्षांचं अंतर निघालं. म्हणजे एकच वादळ सगळ्यांचा हिशेब देऊ शकत नाही.

एनीवे, हिशेबावरून आठवलं. 2016 मध्ये पंतप्रधान पीक विमा योजना आली तेव्हा तिच्यात पट्ट्याची दखल होती. गारपीट ही ‘स्थानिक आपत्ती’ धरायचे. ठरलेल्या मुदतीच्या आत कळवा, तुमच्या शेताचा पंचनामा होईल. ते कळवण्यासाठी रेंज शोधत डोंगर चढणारी माणसं मी पाहिलीत. तरी निदान शेत कुणाचं, हा प्रश्न तरी विचारला जायचा. 2025 मध्ये राज्यानं ही सोय योजनेतून वगळली आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली. म्हणजे महसूल मंडळातली काही शेतं आधी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, तिथलं पीक कापून तोलायचं आणि त्याची सरासरी सगळ्यांना लावायची. दुष्काळ अशा सरासरीत दिसतो, कारण तो सगळ्यांवर पडतो. ओढ्याच्या एका काठाला झोडपून गेलेली गार तिच्यात कशी दिसणार?

हे सगळं मी आण्णांना फोनवर समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग आपल्या मंडळात ते प्रयोगाचं रान कुणाचं निघालंय?’