प्रभावी कोण, अप्रभावी कोण?

शाळेच्या पुस्तकात सिकलसेल आनुवंशिकतेच्या धड्यात भेटतो आणि अनुकूलनाचा धडा वेगळाच असतो. तिथे उंट, निवडुंग आणि ध्रुवीय अस्वल. विदर्भात रक्ताचे नमुने तपासण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला हे दोन धडे वेगळे ठेवताच येत नाहीत.

मामला एका अक्षराचा. अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एक अक्षर बदलतं आणि हिमोग्लोबिनच्या १४६ दुव्यांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये ही जागा हुडकली. असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडलं की एकमेकांना चिकटून लांब कांड्या बनवतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडं अशी ठणकतात की धडधाकट पोरगंही गडाबडा लोळतं.

हे जनुक अप्रभावी, असं आपण शिकतो. आजारापुरतं ते खरंही आहे, कारण त्यासाठी आई आणि वडील दोघांकडून ते यावं लागतं. पण वाहकाचं, म्हणजे एकच प्रत असलेल्याचं, रक्त इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीला लावा. नेहमीचं ए आणि सिकलचं एस असे दोन्ही पट्टे ठळक उमटतात, कोणीच कोणाला झाकत नाही. म्हणजे इथे ते सहप्रभावी झालं. आणि हिवतापाच्या बाबतीत? तिथे बचावाला एकच प्रत पुरते, म्हणजे चक्क प्रभावी! जनुक तेच. शिक्का आपण कुठे पाहतो त्यावर बदलतो. माझ्या मते हे नववीच्या मुलांना सहज कळेल, पण परीक्षेत एका गुणाला एकच उत्तर लागतं.

हिवतापाचा धागा अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून पक्का केला. वाहक मुलांना फाल्सिपेरम हिवताप गंभीर होण्याचा धोका बराच कमी असतो. जंतू शिरलेल्या त्यांच्या पेशी लवकर वाकतात आणि प्लीहा त्या काढून टाकते, हे त्याचं एक कारण. हिवतापाच्या मुलखात दोन्ही प्रती ‘चांगल्या’ असलेली मुलं तापाने जात, दोन्ही ‘वाईट’ असलेली सिकलने. मधली तगत आणि जनुक पुढे नेत. गडचिरोली, मेळघाट, सातपुड्यातलं नंदुरबार या पट्ट्यांत ते का टिकून राहिलं, याचं उत्तर इथे आहे. डासांचा उपद्रव नसलेल्या गावात मात्र त्याच जनुकाचा फायदा उरत नाही, ओझं तेवढं राहतं.

समुपदेशनात माझी खरी झटापट मुलाच्या चार शक्यता दाखवणाऱ्या चौकोनांच्या तक्त्याशी होते. आई-वडील दोघे वाहक, पहिलं मूल आजारी. आई विचारते, “डॉक्टर, चारात एकच ना? मंग आता पुढचं लेकरू चांगलंच होईन ना?” नाही, बाई. प्रत्येक खेपेला २५ टक्के धोका नव्याने उभा राहतो. आधीच्या बाळंतपणाचा हिशोब निसर्ग ठेवत नाही. कुंडलीइतक्याच तत्परतेने लग्नाआधी रक्ताचा रिपोर्ट जुळवला, तर हा प्रश्न बऱ्याच घरांत उद्भवणारच नाही. दोन वाहकांनी लग्न करू नये असं मी म्हणत नाही. गर्भाची तपासणी करता येते, एवढं त्यांना आधी ठाऊक हवं.

आता दुसरं कोडं. दोघांचाही रिपोर्ट एसएस, अक्षरातला बदल तोच, तरी एक जण वर्षातून अनेकदा दवाखान्यात आणि दुसरा शेतात राबतो. याची बरीचशी किल्ली गर्भातल्या हिमोग्लोबिनकडे आहे. जन्मानंतर ते बहुतेकांत नावापुरतं उरतं, पण काहींत भरपूर टिकतं आणि कांड्या जुळू देत नाही. भारतातल्या सिकल जनुकाच्या आसपासचा गुणसूत्राचा भाग आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळा, सौदी अरेबियाच्या पूर्व भागातल्या रुग्णांशी जुळणारा आहे आणि त्याच्यासोबत हे हिमोग्लोबिन जास्त आढळतं. म्हणून ‘भारतीय सिकल सौम्य’ असं सरसकट लिहिलं जाई; विदर्भातले वॉर्ड पाहिलेला डॉक्टर असं लिहिणार नाही.

हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल हेच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते. एस जनुक जागच्या जागी राहतं, पण नियमित घेणाऱ्या पुष्कळ रुग्णांच्या कळा कमी होतात.