काजवे, वाळवी आणि सासूबाईंच्या पोथ्या



मागच्या मे महिन्यात सासूबाईंच्या पोथ्यांचं कपाट उघडलं आणि मागच्या फळीवर मातीची नळी दिसली. वाळवी! चार पोथ्यांची पानं जाळीसारखी झालेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसता त्या पानांवरून हात फिरवत राहिल्या. सुतार म्हणाला, "वहिनी, औषध मारून घ्या, नाहीतर दाराची चौकटही जाईल." मला तो 'मारून' शब्दच टोचला.

त्याच आठवड्यात हे आम्हाला रघुवीर घाटाच्या रस्त्याला काजवे बघायला घेऊन गेले. गाडीचे दिवे बंद केले आणि समोरचं झाड लुकलुकायला लागलं. धाकटीने विचारलं, "आई, यांना पण औषध मारतात?"

काजव्याची अळी ओल्या मातीत गोगलगायी खाऊन कित्येक महिने वाढते. पंख फुटल्यावर मात्र थोडेच आठवडे हातात. बरेच काजवे तेव्हा खातही नाहीत, उजेड दाखवून जोडीदार शोधतात, बस. वाळवीचं अंग इतकं मऊ की ऊन-वारा लागला तर सुकून मरते, म्हणून ती मातीची नळी. कामकरी वाळवीला डोळेच नाहीत! पाठशाळेत आपण घोकलं होतं ना, मुंगी-उधई तीन इंद्रियांच्या, माशी-भुंगा चार. राणी दिवसाला हजारो अंडी घालते, त्यामुळे कितीही मेल्या तरी वारूळ चालूच.

पहिल्या पावसात पंखवाल्या वाळव्या उडतात, त्यांना मात्र डोळे असतात आणि त्या दिव्यावर झेपावतात. आपलं जेवण सूर्यास्ताआधीच उरकलेलं, म्हणून मी दिवे घालवते. परसातल्या काजव्यांचंही भलं होतं, बल्बच्या उजेडात त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही.

औषध नाही मारलं. गळका पाइप दुरुस्त केला, कपाट भिंतीपासून लांब लोखंडी पायांवर ठेवलं, चौकट ग्रॅनाइटची बसवली. जुनी चौकट उखडताना किती जीव गेले ते मी बघितलं, मोजलं नाही. संवत्सरीला त्यांनाही मिच्छामि दुक्कडम् म्हटलं.

आता माळ्याच्या तुळईवर नळी दिसतेय. तुळई काही ग्रॅनाइटची करता येत नाही. ह्यांनी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. सासूबाई रोज तो वाचतात आणि पाण्याची बाटली घेऊन जातात.