बाटलीवर भाळलेला भुंगा

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका भुंग्याने आज मनात घर केलंय. ज्वेल बीटलच्या कुळातला हा ज्युलोडिमॉर्फा. चांगला बोटभर लांब, तपकिरी, चकचकीत पाठीवर बारीक खळगेच खळगे. डोंगारा गावाच्या परिसरातला कोरडा, खुरट्या झुडपांचा मुलूख हे त्याचं घर. मादी जमिनीवरच असते. नर मीटर-दोन मीटर उंचीवरून उडत तिला शोधतात. तपकिरी, चकाकणारं, खळगेदार दिसलं की तीच ती. माणसाची काच तिथे पोचेपर्यंत एवढी खूण पुरेशी होती.

मग रस्त्याकडेला बिअरच्या बाटल्या पडू लागल्या. रंग तसाच, बुडाशी त्याच्या पाठीवरच्या खळग्यांसारखे भासणारे उंचवटे. कीटकांचे अभ्यासक डॅरिल ग्विन आणि डेव्हिड रेंट्झ यांनी 1983 साली लिहिलंय, की नर या बाटल्यांशीच समागम करू पाहतात आणि भर उन्हात तिथून हलत नाहीत. एकाला तर मुंग्या कुरतडत होत्या, तरी तो बाटलीला बिलगूनच होता. या संशोधनाला 2011 मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचं पारितोषिक मिळालं, जगभर हसू पिकलं.

मला हसू येत नाही. त्या जिवाचं काय चुकलं? त्याची खूण खरीच होती, खोटी वस्तू आपण ठेवली. जंगल तोडलं, विष फवारलं तरच नुकसान होतं असं नाही. सहज भिरकावलेली एक रिकामी बाटलीही कुणाचा तरी वंश अडवू शकते. म्हणून अशा माळरानाला ओसाड समजून तिथे काहीही भिरकावणं आधी सोडायला हवं. तिथे कुणीतरी कुणाला तरी शोधत असतं.