हरलेल्यांचा किल्ला

शाळेच्या इतिहासात कर्नाटक युद्धांचा उल्लेख येतो. १७४६ मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांकडून मद्रास घेतलं आणि १७४८ च्या तहानंतर परत केलं, एवढ्या एका ओळीत तो संपतो. पण राजेमहाराजे कुणाला काही फुकट परत करत नाहीत. मद्रासच्या बदल्यात इंग्रजांनी फ्रेंचांना जे परत दिलं, ते होतं लुईबर्ग. आजच्या कॅनडाच्या पूर्व टोकाला केप ब्रेटन नावाचं बेट आहे, तिथलं हे तटबंदीचं बंदर. मद्रासच्या माणसांनी लुईबर्गचं नाव ऐकलं नसेल आणि लुईबर्गच्या मच्छीमारांनी मद्रासचं. युरोपातल्या एका टेबलावर दोघांची अदलाबदल झाली.

ते लुईबर्ग मी गेल्या जुलैत पाहून आले. माझा भाचा केप ब्रेटनवरच्या सिडनी गावात शिकतो. (हे सिडनी ऑस्ट्रेलियातलं नव्हे.) तिथल्या विद्यापीठात आपल्याकडची मुलं पुष्कळ आहेत, केरळची, पंजाबची, गुजरातची. त्याच्या वीस-पंचवीस मित्रमैत्रिणींनी मिळून बस ठरवली होती. "फुफी, तू चल. तू असलीस की आम्ही नीट बघू, नाहीतर नुसते फोटो काढू," असं तो म्हणाला. शिक्षिकेला परदेशातही सहलीची जबाबदारी सुटत नाही.

पण बी.एड.ला आम्हाला 'सहल' आणि 'क्षेत्रभेट' यांतला फरक शिकवला होता. सहलीत मूल जागा बघतं. क्षेत्रभेटीत ते जागेला प्रश्न विचारतं. लुईबर्ग ही प्रश्न विचारण्यासाठीच बांधलेली जागा आहे, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

'बांधलेली' हा शब्द मी मुद्दाम वापरते. तिथे जे उभं आहे ते अठराव्या शतकातलं नाही. १७१३ मध्ये फ्रेंचांनी हे गाव वसवलं, पुढे त्याभोवती तट उभारले. १७४५ मध्ये न्यू इंग्लंडच्या वसाहतवाल्यांनी विल्यम पेपरेल नावाच्या एका व्यापाऱ्याच्या हाताखाली वेढा घालून ते जिंकलं. तहात ते परत गेलं. १७५८ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्यांदा वेढा घातला, आणि या वेळी परत द्यायचा प्रश्नच राहू नये म्हणून १७६० मध्ये सुरुंग लावून तटबंदी उडवून दिली. दोन्ही वेळा गावातल्या लोकांना जहाजांत भरून फ्रान्सला पाठवलं. पुढच्याच वर्षी त्याच इंग्रजांनी आपल्याकडे पाँडिचेरी घेतली आणि तीही जमीनदोस्त केली. १७५८ च्या वेढ्यातला आरमारप्रमुख बॉस्कावेन दहा वर्षं आधी पाँडिचेरीला वेढा घालून हात हलवत परतला होता. जग तेव्हाही लहानच होतं, फक्त ते जहाजवाल्यांनाच ठाऊक होतं.

त्यानंतर दोनशे वर्षं इथे गवत आणि मेंढरं. मग केप ब्रेटनच्या कोळसा खाणी बंद पडू लागल्या. हजारो कामगारांचं काय करायचं, यावर १९५९-६० मध्ये एक सरकारी आयोग बसला, आणि त्यातून १९६१ मध्ये हे काम निघालं. बेकार खाणकामगारांना गवंडीकाम, सुतारकाम, दगड घडवणं शिकवलं. फ्रान्समध्ये आणि इतरत्र जपलेले साडेसात लाख पानांचे कागद आणि शेकडो नकाशे संशोधकांनी धुंडाळले. कुठल्या घराला किती खिडक्या, दारूखान्यात किती बाकं, तुरुंगाचं दार कुठल्या बाजूला, सगळं त्या कागदांत होतं. फ्रेंच सरकारच्या कारकुनांनी हिशेब चोख ठेवला होता म्हणून हे गाव पुन्हा उभं राहू शकलं. मूळ गावाचा सुमारे एक चतुर्थांश भाग असा उभा केला. उरलेला तीन चतुर्थांश आजही गवताखाली उंचवट्यांसारखा पडून आहे.

उभ्या केलेल्या भागात वर्ष कायम १७४४ असतं, ऋतू कायम उन्हाळा. पहिल्या वेढ्याच्या आधीचा शेवटचा उन्हाळा.

बाहेरच्या केंद्रावरून बसनं आत गेलो. दरवाजापाशी निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या पहारेकऱ्यानं बंदूक आडवी धरून आमचा घोळका अडवला. आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत. कोण तुम्ही? कुठून आलात? तुमच्यात कुणी इंग्रजांचा हेर नाही ना? हा तिथला खेळ आहे, येणाऱ्या प्रत्येक गटाशी खेळतात. केरळची एक मुलगी म्हणाली, "इंग्रज तर आमच्याकडेही आले होते, आम्ही तुमच्याच बाजूचे." सगळे हसले, पहारेकरीही हसला, बंदूक बाजूला झाली.

मीही हसले. पण माझ्या मनात दुसरा एक दरवाजा उघडला.

मी कोकणातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी सातवीच्या मुलींना घेऊन आम्ही एका किल्ल्यावर गेलो होतो. किल्ल्याचं नाव सांगत नाही, कारण दोष किल्ल्याचा नाही. दरवाजापाशी एका गृहस्थांनी मुलींच्या डोक्यावरचे स्कार्फ पाहिले आणि विचारलं, "तुमचं इथे काय काम?" आवाज चढलेला नव्हता. बहुतेक त्यांना खरंच कुतूहल असेल. माझ्या मुलींपैकी एक पुढे झाली आणि म्हणाली, "काका, आमच्या पुस्तकात आहे ना." ते बाजूला झाले. आम्ही वर गेलो, डबे खाल्ले, मी माहिती सांगितली, मुलींनी ती वहीत उतरवून घेतली. परतताना मात्र एस.टी.त नेहमीसारखी गाणी झाली नाहीत.

"तुम्ही कोणाच्या बाजूचे?" हा प्रश्न तोच. एका दरवाजावर तो खेळ झालाय, दुसऱ्यावर अजून नाही. लुईबर्गमध्ये पुढचे चार तास मी याच फरकाचा विचार करत होते.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की हा किल्ला हरलेल्यांचा आहे. ज्यांनी तो उडवला त्यांची भाषा बोलणाऱ्या, त्यांच्याच राजघराण्याला मानणाऱ्या देशानं तो सरकारी खर्चानं पुन्हा बांधला. दरवाजावरच्या पोराला मी विचारलं तेव्हा कळलं, की त्याचं कुळ स्कॉटिश, घरात फ्रेंच कुणी बोलत नाही, ती तो शाळेत शिकला. त्याचे आजोबा खाणकामगार होते आणि इथल्या भिंतींचे दगड घडवणाऱ्यांत होते. मला हे फार आवडलं. एका सैन्याच्या सुरुंगवाल्यांनी जे पाडलं, ते दोनशे वर्षांनी कोळशाच्या खाणीत सुरुंग लावणाऱ्या हातांनी चढवलं. त्या हातांनी आपला पूर्वज कोणत्या बाजूनं लढला हे विचारलं नाही. त्यांना रोजगार हवा होता. त्यातून निघालेली वास्तू आता त्यांची आहे, कारण तिच्यात त्यांचा घाम आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, तिथे राजा जवळजवळ दिसतच नाही. राजाच्या बुरुजात गव्हर्नरचे दालन आहे, पडदे आहेत, चांदी आहे. पण गर्दी असते ती बेकरीत. सैनिकाला चार दिवसांसाठी सहा पौंडांची एक पाव मिळत असे. तशीच जाड, आंबूस पाव आजही तिथल्या भट्टीत भाजतात आणि विकतात. भाच्यानं ती कापायला घेतली तर सुरी अडकली. खाणावळीत मोठा रुमाल गळ्याला बांधतात आणि हातात फक्त एक चमचा देतात, कारण सामान्य माणसाला काटा-सुरी मांडून जेवायला कोण देणार? सुपात डुकराचं मांस नाही ना, हे आधी विचारून घेतलं आणि आम्ही मासळी मागवली. मासळी ही तर त्या गावाची जान. कॉड मासा चिरायचा, मीठ लावायचा आणि लाकडी मांडवांवर उन्हात वाळवायचा, याच धंद्यावर गाव उभं होतं. हे मांडव पाहताना मला हर्णैच्या किनाऱ्यावरच्या बायका आठवल्या. बी.एड.चं सूत्र आहे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावं. माझ्यासाठी लुईबर्गचा रस्ता सुक्या मासळीवरून गेला.

तिथला मार्गदर्शक हेही सांगतो, की त्याच १७४४ च्या डिसेंबरात शिपायांनी बंड केलं. सडलेल्या भाज्या मिळत होत्या, पगार बुडत होता. म्हणजे जो उन्हाळा आपल्याला दाखवतात, तो संपल्यावर काय झालं तेही लपवत नाहीत.

सगळंच त्यांनी पहिल्यापासून सांगितलं असेल असं मात्र मला वाटत नाही. हे बेट मिकमॉ लोकांचं. त्यांच्या भाषेत त्याचं नाव उनामागी. लुईबर्ग फ्रेंचांचं की इंग्रजांचं, हा वाद ज्यांच्या जमिनीवर चालला, त्यांना त्या वादात कुणी धरलंच नव्हतं. आणि याच गावात दोनशेहून जास्त गुलाम राहून गेले. सुकवलेली हलकी मासळी कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत गुलामांच्या खाण्यासाठी जायची आणि तिकडून साखर, रम यायची. मारी मार्गरीत रोझ ही गिनीतून पकडून आणलेली मुलगी १७३६ मध्ये इथल्या एका अधिकाऱ्यानं विकत घेतली. एकोणीस वर्षांनी ती मोकळी झाली, एका मिकमॉ माणसाशी तिनं लग्न केलं, स्वतःची खाणावळ काढली आणि दोनच वर्षांत, १७५७ मध्ये वारली. तिच्या घरातल्या सामानाची यादी कारकुनानं केली, म्हणून आज ती आपल्याला माहीत आहे. २००८ मध्ये कॅनडा सरकारनं तिला राष्ट्रीय इतिहासातली व्यक्ती म्हणून मान्यता दिली. अडीचशे वर्षं लागली. तरी किल्ला एकदा सगळ्यांचा म्हटला, की मागे राहिलेली माणसंही दार ठोठावतात आणि त्यांच्यासाठी जागा करावी लागते, हे मला महत्त्वाचं वाटलं.

जोहरची वेळ झाली तेव्हा आम्ही चौघे-पाचजण घरांची रांग संपते तिथल्या गवतावर गेलो. किब्ला समुद्राकडे येत होता. आमच्या पायाखाली कुणाचं तरी न बांधलेलं घर होतं. त्याच बाजूला पुढे रोशफोर टोक आहे. तिथल्या कबरींत फ्रेंच आहेत आणि १७४५ च्या विजयानंतरच्या थंडीत रोगराईनं मेलेले न्यू इंग्लंडचे शिपाईही आहेत. समुद्र किनारा खात चाललाय, म्हणून अभ्यासक ती हाडं आधीच काढून घेत आहेत. लाट येते तेव्हा ती जिंकलेले आणि हरलेले वेगळे करत नाही.

आता आपल्याकडे. आपल्या किल्ल्यांवर आमच्यासारख्यांची ओळख द्यायची वेळ आली की आम्ही घाईघाईनं दोन नावं पुढे करतो, आरमारातला दौलतखान आणि तोफखान्यातला इब्राहिमखान. नावं खरी आहेत, त्यांचा अभिमानही आहे. पण ती दरवेळी रहिवासी दाखल्यासारखी खिशातून काढावी लागतात, याचा मला थकवा येतो. माझ्या मुलींना किल्ल्यावर जायला एखाद्या सरदाराची शिफारस का लागावी? "आमच्या पुस्तकात आहे" हे त्या मुलीचं उत्तर पुरेसं होतं. खरं म्हणजे याहून चांगलं उत्तर नाही. ज्या राज्याच्या शाळेत ती शिकते, ज्या भाषेत ती निबंध लिहिते, त्या राज्याचा किल्ला तिचा आहे. तो तिला कुणी बहाल करायचा नाही.

लुईबर्गसारखी प्रतिकृती आपल्याला बांधायची गरज नाही. आपले किल्ले अजून उभे आहेत. तिथून घेण्यासारखी आहे ती प्रश्न विचारायची पद्धत. या वर्षी आमच्या क्षेत्रभेटीची तयारी मी वेगळी केली आहे. जाण्याआधी प्रत्येक गटाला किल्ल्यावरचं एक माणूस वाटून दिलं: हवालदार, सबनीस, कारखानीस, गोलंदाज, लोहार, पाणी वाहणारी बाई, रात्री दरवाजा बंद करणारा. त्यानं काय खाल्लं असेल, कुठे झोपला असेल, पगार कधी मिळाला असेल, हे शोधायचं. वेढा पडला तेव्हा त्याच्या घरच्यांचं काय झालं असेल, याचाही विचार करायचा.

पाणी वाहणारी बाई घेतलेल्या गटानं परवा मला विचारलं, "मॅडम, टाकं वर आहे, मग ती राहायची वर की खाली? खाली राहत असेल तर रोज किती पायऱ्या?"

मी म्हटलं, जाऊ तेव्हा मोजू.