बोटभर शिपाई

दिवाळीत घरी उदगीरचा किल्ला मातीत उभा राहिला आणि बोटभर उंचीचे शिपाई रंगवण्याचे काम माझ्याकडे आले. चाळिशीनंतर मी ही कला शिकू लागलो ती अशी. इतक्या लहान आकृतीत अंगरख्याच्या चुण्यांमध्ये पुरेशी सावली पडत नाही. ती गडद रंगाने आपणच भरावी लागते. डोळा रेखाटायचा नसतो, ठिपक्याने सुचवायचा असतो. वर्गात शिकवलेले अल्पाक्षरत्व हाताला इथे कळले.

१७६० साली उदगीरला निजामाचा पराभव करणाऱ्या सदाशिवरावभाऊंचे नाव इतिहासाने राखले. पुढच्याच वर्षी पानिपतावर पडलेल्या असंख्य शिपायांची नावे मात्र उरली नाहीत. माझे शिपाईही एकाच साच्यातले. म्हणून प्रत्येकाची मिशी, भुवई, पागोटे मी निराळे रंगवतो. दिवसाकाठी फार तर दोन होतात.